राणीसाहेबांचा मुराळी

बुलढाणा शहरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते, की इराणचे शहेनशहा खुस्रो हे सध्या आमच्या गल्लीत मुक्कामाला असून, त्यांचा तळ श्री. त्र्यंबकराव इंगळे यांच्या मागच्या खोलीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खालून दुसऱ्या थरावर पडला आहे. सोबत त्यांचे आजोबा, पणजोबा आणि काही दूरचे भाऊबंद आहेत. भेटीची वेळ रविवारी सकाळी नऊ ते अकरा. हात धुऊन यावे. तंबाखू बाहेर ठेवावी. शिंक आल्यास अंगणात जावे.

शेवटची तीन वाक्यं माझी नाहीत. ती त्र्यंबकरावांनी टपोऱ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दाराला टांगली होती. पहिल्या रविवारी मी ती वाचली, तंबाखूची चंची उंबऱ्यावर ठेवली, हात धुतले आणि आत गेलो. त्र्यंबकराव चटईवर मांडी घालून बसले होते. समोर पांढरंशुभ्र उपरणं अंथरलेलं, आणि त्यावर चांदीची दहा-बारा नाणी, पापडासारखी पातळ. मी पाहायला वाकलो तोच ते ओरडले, "लांबून बे, लांबून! पेरोज साहेबायवर सावली पाडू नको. त्यायले आज बरं नाही."

पेरोज साहेबांच्या कडेला हिरवट डाग पडला होता. त्र्यंबकरावांनी त्यांना लिंबाच्या पाण्यात दोन मिनिटं बसवलं, मऊ मलमलीनं टिपलं आणि उन्हाच्या तिरिपेत ठेवलं. "चिंच चालत नाही त्यायले," ते मला हळूच म्हणाले. "अंग सोलून निघते."

त्र्यंबकराव जिवंत माणसांशी 'अरे' आणि 'बे' करत. व्यापारी असो, वकील असो, शाळेचे हेडमास्तर असोत, सगळ्यांना एकच माप. पण तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या इराणच्या राजांना मात्र ते अहोजाहो करत, आणि डबा बंद करण्याआधी "येतो साहेब" असं म्हणून झाकण लावत. मी एकदा म्हणालो, "त्र्यंबकराव, तुम्ही कुठं चाललात? तुम्ही तर इथंच बसणार." ते म्हणाले, "मी नाही जाऊन राह्यलो. पन त्यायले वाटलं पाह्यजे ना, की मानूस सांगून गेला."

मोठ्या हुद्द्याचा माणूस नव्हता. त्र्यंबकराव वजनमापांचे निरीक्षक होते. शेर आणि छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले ते दिवस. जिल्ह्यातल्या एकेका आठवडी बाजारात ते एसटीनं उतरत. हातात लाकडी पेटी, पेटीत पितळेची सरकारी वजनं, आणि शिक्का मारायचा हातोडा. ते आले की बाजारात आधी धूळ उठे आणि मग शांतता पसरे. खोटं वजन त्यांना नुसतं हातात घेऊन कळे. ते वजन उलटं करत, बुडातली लाख नखानं उकरत आणि दुकानदाराला विचारत, "हे काय खाऊन राह्यलं होतं रे?" त्यांचं आवडतं वाक्य होतं, "मापात बोल." पावसाबद्दल बोला, पुढाऱ्यांबद्दल बोला, आमच्या हिच्या हातच्या पिठल्याबद्दल बोला, जरा वाढवून बोललात की ते बोट वर करत: "मापात बोल बे."

नाण्यांचा नाद लागला तो याच नोकरीतून. सराफांचे काटे तपासणं हे त्यांचं काम, आणि सराफाच्या पेटीत मोडीत आलेली जुनी चांदी असायचीच. कधी तरी तोरड्या आणि वाळ्यांच्या गुंत्यात एखादं परक्या तोंडवळ्याचं नाणं निघे. पंखाचा मुकुट घातलेला दाढीवाला राजा, आणि मागच्या बाजूला अग्नीचं कुंड, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे दोन रखवालदार. शेतात नांगराला लागलेलं, विहीर खणताना निघालेलं. इराणातून ते इकडं कसं आलं? त्र्यंबकराव सांगत, घोडे विकायला आलेल्या व्यापाऱ्यांच्या कमरेला बांधून. मग व्यापारी कुठं गेले? "मेले असतीन. साहेब र्‍हायले." सराफाच्या मुशीत वितळायच्या आधी ते साहेबांना सोडवून आणत. चांदीच्या वजनाचा जो भाव, त्याहून जास्तच देत, आणि पावती घेतल्याशिवाय उठत नसत. लाचेचा वास येईल म्हणून चहासुद्धा पीत नसत.

त्यांच्या लग्नाचा प्रयत्न आमच्या हिनं एकदा केला. नांदुऱ्याचं स्थळ होतं. मुलीचे वडील सरकीचे दलाल, माणूस चांगला, हसरा. पोहे झाले, चहा झाला, आणि त्र्यंबकरावांनी पाहुण्यांचा मोठाच सन्मान म्हणून डबा काढला. खुस्रो साहेबांना स्वतःच्या हातानं त्यांच्या तळहातावर ठेवलं. दलालांनी नाणं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, म्हणाले "चांदी बरी दिसते," आणि पारख करायला दाताखाली धरलं.

मी त्या क्षणी त्र्यंबकरावांकडं पाहिलं. माणसाचा चेहरा असा पडलेला मी त्यानंतर कोर्टात फाशीची शिक्षा ऐकणाऱ्याचाही पाहिला नाही, आणि मी कोर्टात नकलनवीस होतो.

पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, "भावजी, मुलगी छान आहे. मंग काय ठरलं?"

"वयनी, तो बादशहाले चावला."

"अहो, बाप चावला, मुलगी थोडीच चावली!"

"घरान्यातच असीन ते," असं म्हणून ते आत गेले आणि खुस्रो साहेबांना लिंबाच्या पाण्यात बसवलं. "आता त्या डब्याशीच लगीन लावा," असं ही भिंतीपलीकडून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पिठल्याची वाटी नेहमीसारखी पाठवली.

त्या डब्यात कापूस घातलेले छोटे छोटे खण होते. सगळ्यात वरच्या थरातला मधला खण मोकळा होता. तो कोणासाठी हे मला दोन वर्षांनी कळलं. एका रविवारी त्यांनी मुंबईहून मागवलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. ते आपोआप एकाच पानावर उघडे, इतकं ते पान मऊ पडलं होतं. त्या पानावर एका नाण्याचं चित्र होतं. मुकुट तोच, कानात मोती तेच, पण दाढी नाही. गालांच्या दोन्ही बाजूंनी वेण्या सोडलेल्या.

"बोरान," त्र्यंबकराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "खुस्रो साहेबायची पोरगी. बाप मेला, भावायनं एकमेकायले मारून टाकलं. घरात मानूसच उरला नाही, तवा या पोरीले तख्तावर बसवलं. वरीस-दीड वरीस राज्य केलं. अठरा-वीस वर्षं झाली, मी राणीसाहेबायले शोधून राह्यलो."

"एवढं कशाला? तुमच्याकडं इतके राजे आहेत की."

त्यांनी डब्याकडं बोट केलं. "पाय ना. घरात बाप हाये, आजा हाये, चुलते हायेत. पोरगीच नाही. घर सुनं दिसते."

आता धाड गावच्या बाजाराकडं चला. उन्हं कडक व्हायला लागली होती, आणि मीही मिरच्या-मसाला आणायला त्र्यंबकरावांबरोबर एसटीनं गेलो होतो. ते सरकारी कामाला, मी हिच्या कामाला. मिरच्यांच्या रांगेत गोदाबाई नावाची म्हातारी बसली होती. साठीची, काटक, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. तराजूच्या एका पारड्यात मिरच्या आणि दुसऱ्यात काळाभोर दगड.

त्र्यंबकराव थांबले. "हे काय हाये?"

"शेर."

"हा दगड हाये."

"मंग? माह्या सासऱ्याचा शेर हाये तो. त्याच्या आंधी त्याच्या बापाचा."

"आता किलो आला बाई. दगड जप्त."

"घेऊन जाय बापा. नदीत लई पडले हायेत. उद्या दुसरा शेर आनीन."

आजूबाजूची माणसं हसली. त्र्यंबकराव दगड उचलायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं कमरेत उसण भरली. पण ते गोदाबाईच्या गळ्याकडं पाहत होते. तिथं काळ्या गोफात, हळदीकुंकवानं माखलेलं, चांदीचं एक पातळ, गोल काही तरी होतं. त्र्यंबकरावांनी दगड दोन्ही हातांनी अलगद परत पारड्यात ठेवला. "र्‍हाऊ दे," ते म्हणाले.

मापवाल्या साहेबानं जप्त केलेली वस्तू परत ठेवली, हे त्या बाजारानं आजवर पाहिलं नव्हतं. शेजारचा कांदेवाला उभा राहिला. पण गोदाबाईचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"काऊन हो साहेब? माह्या गळ्यात काय पाहून राह्यले? लाज नाही वाटत म्हाताऱ्या बाईकडं पाह्याले?"

आता माणसं जमायला लागली. मी मध्ये पडलो. "मावशी, तसं नाही. ते नाणं पाहून राह्यले."

"कोनतं नाणं? ते माही सवत हाये!"

हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक बांधायची रीत जुन्या घरांत होती. चांदीच्या पत्र्यावर बाईचा मुखवटा ठोकलेला असतो. ती सवत. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावानं. कुंकू आधी तिला. तिची आठवण ठेवली नाही तर ती संसारात सुख लागू देत नाही, अशी समजूत. गोदाबाईच्या लग्नात नवऱ्याकडं टाक घडवायला पैसा नव्हता. पण विहीर खणताना एक जुनी चांदीची चकती निघाली होती, आणि सोनारानं पाहिलं, तर तीत मुकुट घातलेली, कानात मोती असलेली, वेण्या सोडलेली बाई. आयती! त्यानं वर कडी जोडली आणि ती गोदाबाईच्या गळ्यात गेली.

"ते इराणची राणी हाये बाई," त्र्यंबकराव म्हणाले.

"इरान? नाही हो! वरुडीची हाये ते. कासा नाव तिचं." आणि गोदाबाईनं मान खाली घालून टाकाला विचारलं, "आयकलं का वं कासे? तू इरानची म्हने!" आणि स्वतःच खळखळून हसली. टाक चोळीत सारला आणि मला म्हणाली, "मिरच्या किती देऊ?"

आम्ही दोन शेर मिरच्या घेतल्या. दगडाच्या शेरानं.

 परत येताना एसटीत, घाटातल्या वळणावर त्र्यंबकराव एकदम म्हणाले, "दाढी घासली गेली असीन तं? चाळीस वर्षं कुंकवानं घासली तं खुस्रो साहेबायची दाढीबी जाईन." मग थोड्या वेळानं, "पन वेण्या दिसल्या ना बे? तुले दिसल्या ना?" मला काहीही दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "मापात बोला." त्यांना राग आला नाही. त्यांनी ऐकलंच नाही.

भिंग लावून, जवळून, पुढून आणि मागून पाहिल्याशिवाय राणीसाहेबांची खात्री पटणार नव्हती. आणि गोदाबाई टाक गळ्यातून काढत नसे, परक्या पुरुषाच्या हाती देणं तर दूरच. तेव्हा त्र्यंबकराव दर बाजाराला धाडला जायला लागले. दर वेळी दोन शेर मिरच्या घेत. त्यांना स्वतःला आम्लपित्त. तिखटाचा वाससुद्धा चालत नसे. त्या मिरच्या आमच्या घरी येत. हिनं चटण्या केल्या, ठेचे केले, तळणीच्या मिरच्या केल्या, शेजाऱ्यांना वाटल्या. मग शेजारी आमच्या घरासमोरून जाताना पावलं झपझप टाकायला लागले. मी तोंड धरून बसे. ही म्हणे, "राणी सापडली तर सापडली, नाही तर आपल्या सगळ्यांचे घसे जातील."

तिथं बसून ते काय करत? हातभर लांब, उकिडवे बसत आणि विचारत, "बाई कशी हाये?"

गोदाबाई चोळीवर हात ठेवून सांगे, "बरी हाये. परवा रुसली व्हती. मी तिले न सांगता मोठ्या जाऊबाईकडं गेले ना. मंग रात्रभर माह्या पायात गोळे."

"किती वर्षं झाली तिले येऊन?"

"मानमोडीच्या साथीत गेली ते. दोन दिसांचा ताप. अठराची व्हती. मी तिले पाह्यलंबी नाही हो. पन सारा संसार आमी दोघीनंच केला. मालकाचं काई चुकलं की मी तिले सांगो. म्हनो, 'तू आंधी आलती, तुलेच ठाऊक ह्या मानसाचं डोकं.' मालक गेले, पन तिच्याशी बोलल्याशिवाय माहा दिस जात नाही."

त्र्यंबकराव मान हलवत. एरवी दुसऱ्याच्या बोलण्यात तोळाभर जास्त झालं की बोट वर करणारा हा माणूस, मेलेल्या सवतीच्या रुसव्याची हकीकत ऐकून घेई आणि पुढच्या बाजारी विचारी, "मंग? राग गेला का तिचा?"

मी हसे. मला वाटे, काय नाटक चाललंय! राणीसाठी माणूस किती गोड बोलतो बघा. मला तरी तसंच वाटत होतं.

एकदा गोदाबाईनं त्यांना विचारलं, "साहेब, तुमचं गाव कोनतं?"

"घाटाखाली."

"मायबाप?"

"नाही. लहानपनीच गेले. मामानं वाढवलं."

"बहीन?"

"नाही."

गोदाबाई त्यांच्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं तराजू खाली ठेवला. म्हणाली, "आखाजीले या घरी जेवाले. त्या दिशी मी तिले गळ्यातून काढून धुते. तवा पाहून घ्या काय पाह्यचं ते."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्र्यंबकरावांनी रजा घेतली. नोकरीतली ती त्यांची पहिली रजा असं त्यांच्या कचेरीतला शिपाई सांगतो. कोट घातला. खिशात भिंग, मलमल, मऊ पडलेल्या पानाचं ते पुस्तक काखेत. ही म्हणाली, "भावजी, सणाचं बाईमाणसाकडं रिकाम्या हातानं जाता?" आणि चोळीचा एक हिरवा खण कागदात गुंडाळून दिला. मीही निघालो. असा प्रसंग सोडणारा मी नव्हेच.

गोदाबाईचं घर शेवटच्या गल्लीत, शेणानं स्वच्छ सारवलेलं. भिंतीशी पाण्यानं भरलेली मातीची घागर पुजली होती. तीन पाट मांडले होते. दोन आमचे. तिसऱ्यासमोर केळीच्या पानावर पुरणपोळी, कुरडई, आंब्याच्या रसाची वाटी, आणि पाटावर विड्याच्या पानावर तो टाक. धुतलेला, लख्ख. दारात शेजारणी पदर खोचून उभ्या होत्या.

त्र्यंबकरावांनी हिनं दिलेला खण पुढं केला. तो पाहताच गोदाबाईनं तोंडाला पदर लावला. दारातली एक बाई म्हणाली, "पाय वं, खण आनला!" आणि सगळ्या एकदम कुजबुजायला लागल्या. मला काही कळेना. त्र्यंबकरावांना तर जगातलं काहीच कळत नव्हतं, ते पाटाकडं पाहत होते.

"घ्या," गोदाबाई म्हणाली आणि टाक उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

त्र्यंबकरावांनी भिंग लावलं.  त्यांनी मला खूण केली. मी वाकून पाहिलं. हनुवटी स्वच्छ. झिजलेली नाही, मुळातच गुळगुळीत. कानातून लोंबणारे मोती. गालाच्या बाजूनं खाली आलेल्या वेण्या, एकेक पेड दिसत होता. त्यांनी नाणं उलटलं. अग्नीचं कुंड, दोन रखवालदार. पुस्तकातल्या पानाशी एकेक रेघ जुळत होती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्या टाकाकडं पाहून हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "राणीसाहेब, यायले लई दिवस लागले. माफी असावी."

गोदाबाईचा बांध तिथं फुटला. ती रडायलाच लागली. शेजारणी रडायला लागल्या. आणि तेव्हा त्यांच्यातल्या एकीनं माझ्या शंकेचं उत्तर दिलं. डोळे पुसत ती मला म्हणाली, "मुराळी आला हो तिचा. अखेर आला."

आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते आणि तिला न्यायला जो भाऊ येतो तो मुराळी. त्या बाईनं बाकीची हकीकत सांगितली, आणि मला सगळं एकदम उमगलं. मानमोडीत कासाबाईचं सगळं माहेर बसलं होतं. पाळण्यातला एक लहान भाऊ तेवढा वाचला होता, आणि त्याला कोणी तरी घाटाखाली घेऊन गेलं होतं. मग चाळीसच्या वर वर्षांनी एक पोरका, घाटाखालचा माणूस दर आठवड्याला बाजारात येऊन बसतो, नको असलेल्या मिरच्या घेतो आणि फक्त तिचीच चौकशी करतो. कशी आहे, कधी आली, राग गेला का. एवढ्या वर्षांपूर्वी मेलेल्या पोरीची अशी विचारपूस रक्ताच्या माणसाशिवाय कोण करेल? गोदाबाईनं हिशेब अचूक केला होता. फक्त त्र्यंबकरावांचे आईबाप मानमोडीच्या बऱ्याच वर्षांनी, पटकीच्या साथीत गेले होते, आणि वरुडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मला ते माहीत होतं. तिला नव्हतं.

मी त्र्यंबकरावांच्या कानात चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी चमकून गोदाबाईकडं पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "मी तुमाले सांगतो, मी..."

"नका सांगू काई. मले समजलं." गोदाबाईनं टाक त्यांच्या हातातून घेतला, हिरव्या खणात ठेवला, चारी टोकं जुळवून गाठ मारली आणि ती पुरचुंडी परत त्यांच्या ओंजळीत ठेवली. "चाळीसच्या वर आखाज्या झाल्या. दर आखाजीले मी तिले धुतलं, जेवू घातलं आन् दाराकडं पाह्यलं. साऱ्या गल्लीतल्या पोरी माहेरी जात. हिले न्यायले कोनी नाही आलं. आज तुमी आले. घेऊन जा भाऊ तिले. तुमची हाये. माह्यावर रागावू नका, मी तिले चांगलं ठेवलं."

मला खरं ते कबूल करायला हवं. त्या घडीला मी मनात एवढंच म्हणालो: त्र्यंबकराव, उठा. काही बोलू नका, फक्त उठा. राणी ओंजळीत आहे. अठरा-वीस वर्षं संपली. चारची एसटी आहे.

त्र्यंबकराव उठले नाहीत. ते गोदाबाईकडं पाहत होते. तिचा हात गळ्याशी गेला होता, जिथं काळा गोफ होता तिथं. काही न सापडल्यानं तो खाली आला. ती आमच्या पानात रस वाढायला वळली, आणि हात पुन्हा गळ्याशी गेला. ओठ हलले. आता हे कोणाला सांगावं, अशी ती क्षणभर थबकली, मग पळी घेऊन रसाच्या पातेल्यात नुसतीच फिरवत राहिली. दारातल्या बायांनाही ते दिसलं. 

त्र्यंबकरावांनी पुरचुंडीकडं पाहिलं. गाठ सोडली. टाक बाहेर काढून तिच्यापुढं धरला. खण तसाच तिच्यासमोर ठेवला. त्यांना काही तरी नीट, समजुतीचं बोलायचं होतं असं दिसत होतं.  मी वाट पाहत होतो. गोदाबाई वाट पाहत होती. आणि मग त्या भरल्या घरात, सगळ्या बायांसमोर, त्यांच्या तोंडून एकदम, जरा मोठ्यानंच निघालं, "माह्या घरी तिच्यासंगं बोलाले कोन हाये वं माय?"